मी 'झालं' म्हणेपर्यंत

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार वगैरे. चार वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. उचलू नकोस. फोन नुसता वाजत ठेवता येतो, पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं. म्हणून हे पत्र.

आधी कामाचं. वरच्या पुढच्या दातांची, मधल्या रंगाची पेटी कुठे ठेवलीस? तू गेल्यापासून मला ती सापडलेली नाही. चार महिने मी त्याच्या जवळच्या रंगावर भागवतोय, आणि गिऱ्हाइकं आरशात बघून म्हणतात, दात जरा दुसऱ्याचे वाटतात. आता कवळीतले दात दुसऱ्याचेच असणार, पण तुझ्या हातच्या कवळीला असं कुणी म्हणत नसे. दात लावायचे तू, प्लास्टर ओतायचं आणि घासून चकचकीत करायचं मी, हे आपलं वीस वर्षांचं ठरलेलं. आता दोन्ही मीच करतो. तुझ्याइतकं जमत नाही. हे एकदा लिहिलं, पुन्हा लिहायला लावू नकोस.

दुसरं म्हणजे, भोंग्याचं ऑपरेशन झालं.

घाबरू नकोस, व्यवस्थित झालं. डोक्यात मागच्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. माझ्या सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात लिंबाला जागा कुठून मिळाली देव जाणे. दोन तारखेला काढली. सगळी निघाली म्हणतात. सध्या फारशी बोलत नाही, थकली असेल. दिवसभर बडबडून आपले कान किटवणारी पोर जरा गप्प आहे म्हटल्यावर तू म्हणशील, बरंच झालं, भोंग्यालाही विश्रांती हवीच.

तू येऊ नकोस. वॉर्डात एकालाच थांबू देतात. रात्री तिची आई असते, दिवसा मी.

पेटीचं तेवढं कळव.

तुझा धाकटा भाऊ

१३ फेब्रुवारी

ताई,

'फारशी बोलत नाही' असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. ती अजिबात बोलत नाही. आज नऊ दिवस झाले, चकार शब्द नाही.

पहिल्या दिवशी बोलली होती गं! शुद्धीवर आली आणि म्हणाली, "बाबा, पाणी. आणि माझे केस कुठे गेले?" मग नर्सला विचारलं, तुमचे दात खरे आहेत का. नर्स म्हणाली, हो. त्यावर आमच्या बाईसाहेब म्हणतात, "एक नाहीये. बाबा बसवून देतील." तोंडाला मास्क, नाकात नळी, आणि धंदा सुरू. आम्ही नवरा-बायको हसलो आणि मग बाहेर जाऊन रडलो.

चार तारखेला सकाळी मी वॉर्डात आलो तर डोळे मिटलेले. हाक मारली, ओ नाही. जागी होती, पण जणू घरात असून दार उघडत नव्हती. मग रडायला लागली. ते रडणंही तिचं नाही. एकाच उंच सुरात, अश्रू न येता, तासन्‌तास. मान धरत नाही. घोट गिळता येत नाही, नाकातल्या नळीने दूध देतात. उचलून घेतलं की हातपाय असे लोंबतात, की मला पुन्हा खाली ठेवायची भीती वाटते.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरीणबाईंना मी गाठलं. बाई बुटक्या, बोलणं भरभर. त्यांनी जेवणाच्या चिठ्ठीच्या मागे डोकं काढून दाखवलं. गाठ होती लहान मेंदूत. तोल सांभाळणं, हात नेमका जिथे हवा तिथे नेणं, ही त्याची कामं, आणि बोलण्याचे धागेही तिथूनच जातात. गाठ काढताना त्या भागाला धक्का बसतो, आणि काही मुलं एक-दोन दिवस बोलून मग अचानक मुकी होतात. चारात एखादं मूल. त्यांनी हे आम्हाला ऑपरेशनआधीच सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल. त्या दिवशी मला फक्त 'गाठ' हा एकच शब्द ऐकू येत होता.

"परत येईल?" मी विचारलं.

"बहुतेकांचं येतं. काही आठवडे, काही महिने. सुरुवातीला हळू बोलेल, अडखळेल. कधी येईल ते मी सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

गाठ कसली होती त्याचा रिपोर्ट यायचाय. तोपर्यंत माझा जीव टांगलेला आहे.

गाठ सापडली कशी, ते तू विचारशील. जानेवारीत शाळेच्या जिन्यावरून पडली. तपासलं, तेव्हा कळलं. एवढंच. ऑक्टोबरात तू जे म्हणाली होतीस त्याबद्दल मला आत्ता काही लिहायचं नाही.

धाकटा

२० फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी तिच्या आईलाही सांगितलेली नाही. तू उत्तर देत नाहीस म्हणूनच तुला सांगणं सोपं जातंय.

माप घेताना आपण गिऱ्हाइकाला काय सांगतो? लगद्याचा ट्रे तोंडात बसवला की, "आता हलायचं नाही, बोलायचं नाही. मी 'झालं' म्हणेपर्यंत." आपले बाबा हेच म्हणायचे, तू म्हणतेस, मी म्हणतो. तर ऑपरेशनआधी पोरीला त्या फोटोच्या मशीनमध्ये वीस मिनिटं निश्चल पडायचं होतं. हलली तर भूल द्यावी लागेल म्हणाले. मी दोन दिवस तिला आपल्या टेबलावर आडवी करून सराव दिला. "मी 'झालं' म्हणेपर्यंत." पोरीने असं काही केलं म्हणून सांगू! डोळ्याची पापणी हलवली नाही. मशीनवाला म्हणाला, मोठी माणसंही इतकी शहाणी नसतात. मी मिशीला पीळ दिला.

आता पुढचं. ऑपरेशननंतरच्या दिवशी ती बोलायला लागली, नर्सचे दात मोजायला लागली, तेव्हा मला वाटलं टाके ओढले जातील. मी तोंडावर बोट ठेवून म्हणालो, "श्श. आता गप्प पडायचं. मी 'झालं' म्हणेपर्यंत."

आणि त्यानंतर ती बोलली नाही.

मला कळत होतं की हे वेड्यासारखं आहे. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं. तरी मी रोज सकाळी, तिची आई अंघोळीला घरी गेली की, तिच्या कानाशी वाकून म्हणतो, "झालं, बाळा. झालं." इतक्या वेळा म्हटलंय की पलीकडच्या खाटेवरच्या मुलाची आई विचारायला लागली, काय झालं म्हणून.

काल राहवलं नाही. डॉक्टरीणबाईंना कॉरिडॉरमध्ये अडवलं आणि सगळं ओकून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अहो, बापाच्या सांगण्यावरून मुलं गप्प बसत असती, तर आमच्या घरात केव्हाच शांतता झाली असती. मला तीन आहेत." आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तिने तुमचं ऐकलेलं नाही. ती सध्या स्वतःचंच ऐकू शकत नाहीये. तुम्ही घरी जाऊन झोपा."

डोक्याला पटलं. उरलेल्या मला अजून पटलेलं नाही. आज सकाळीही मी 'झालं' म्हणालोच.

धाकटा

२ मार्च

ताई,

रिपोर्ट आला. गाठ साधी. पुन्हा होण्याची शक्यता कमी, आणखी औषधं नकोत, नुसतं दर काही महिन्यांनी तपासत राहायचं. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाईंनी कागद हातात दिला आणि मी तिथेच खुर्चीवर मटकन बसलो. ती खुर्ची त्यांची होती. त्या उभ्याच राहिल्या.

आता देणं उरलं ते तुझं. लिहितो.

तू सप्टेंबरातच पाहिलं होतंस. सकाळी उलटी, आणि नऊ वाजता खडखडीत बरी. मान एका बाजूला कलती. चिमट्यात दात धरला की हात बाजूला जायचा, आणि हीच पोर पाच वर्षांची असताना डावा-उजवा सुळा डोळे मिटून वेगळा करायची. तू मला सांगितलंस. पुन्हा सांगितलंस. तिसऱ्यांदा अक्षरशः दाताच्या कण्या केल्यास. मी काय म्हणालो? शाळेला दांडी मारायची नाटकं, तू लाडाने डोक्यावर बसवलंयस.

मग ऑक्टोबरात तू मला न विचारता तिला शाळेतून परस्पर मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलीस. त्यांनी चिठ्ठी दिली, डोक्याचा फोटो काढा. ती चिठ्ठी तू माझ्यासमोर ठेवलीस. मी ती चुरगाळून प्लास्टरच्या बादलीत टाकली, आणि म्हणालो ते मला इथे पुन्हा लिहायचं नव्हतं, पण लिहितो: "स्वतःचं पोर नाही म्हणून माझ्या पोरीत आजार शोधतेस."

मेणाची सुरी पुसलीस, खणात ठेवलीस, पर्स घेतलीस. मला वाटलं संध्याकाळपर्यंत येशील. आठव्या दिवशी कळलं, तू दुसऱ्या गावात दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये दात लावतेस.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही नव्हे. जानेवारीत, पोरीला दाखल करताना, डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही?" तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही."

त्यानंतर एकदा एकट्याने जाऊन विचारलं, तीन महिने आधी काढली असती तर हे टळलं असतं का. त्या म्हणाल्या, कदाचित हो, कदाचित नाही, ही गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, नक्की कुणीच सांगू शकणार नाही. म्हणजे हे 'कदाचित' मला जन्मभर सांभाळायचंय. सांभाळीन.

पोरीचं म्हणशील तर डोळे उघडते आता. उशा लावून बसवली तर बसते. मऊ भरवलेलं गिळते, नळी काढली. बोलणं नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाई रोज येतात, तरुण आहेत, पण जीभ तिखट. परवा त्यांनी आम्हाला सगळ्यांना रांगेत उभं करून झाडलं. "येणारा प्रत्येक जण 'बोल बाळा, आई म्हण, बाबा म्हण' करतोय. मी आज मोजलं, बारा जण. तुम्हाला कुणी दिवसातून बारा वेळा 'नाच' म्हणालं तर नाचाल का? तिला हुकूम नकोत. बोलावंसं वाटेल असं काहीतरी द्या."

काय द्यायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. बाहुली दिली, चित्रांची पुस्तकं दिली. ती बघते आणि मान फिरवते.

धाकटा

१८ मार्च

ताई!

काल दुपारी खोकं आलं. वॉर्डाच्या पत्त्यावर. मी तुला वॉर्डाचा नंबर कळवलेला नव्हता, तेव्हा कोणीतरी फितूर आहे, आणि मला वाटतं मी तिच्याशी लग्न केलंय. असो.

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला प्लास्टरचा वरचा जबडा, त्यावर गुलाबी मेण, मेणात चौदा दात. चिठ्ठी नाही. मी खोकं उलटं करून झटकलं, कागद न्‌ कागद उलगडला. एक शब्द नाही. मला राग आला, खरं सांगतो. म्हटलं, मी इथे चार-चार पत्रांतून काळीज काढून दाखवतोय आणि ही बया नमुना पाठवते.

तरी पोरीच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "बघ, आत्याने काय पाठवलंय. छान लावलेत ना? सगळे अगदी बरोबर." आणि मी खिडकीशी जाऊन पेला विसळायला लागलो.

वळून बघतो तर ती त्याच्याकडे टक लावून बसलेली. दीड महिन्यात तिने कशाकडे इतका वेळ पाहिलेलं नाही. हात पुढे करत होती. हात थरथरतो, हवं तिथे जात नाही, एकदा पुढे, एकदा बाजूला. शेवटी बोट एका दातावर टेकलं. मी म्हणालो, "हो हो, मस्त आहे." तिने बोट उचललं, पुन्हा त्याच दातावर टेकवलं. मी म्हणालो, "हो गं, बघितलं मी. बरोबर आहेत सगळे."

ताई, तिच्या कपाळावर ती आठी आली. मी प्लास्टर पातळ कालवलं की तुझ्या कपाळावर येते तीच. नाक फुगलं. ओठ मिटले, उघडले, मिटले, आतून काहीतरी ढकलत आणल्यासारखे. आणि ती म्हणाली,

"उ… ल… टा."

आणि मी काय केलं असेल? मी वाद घातला! म्हणालो, "उलटा कुठे? काहीतरीच काय, सरळ तर आहे."

पलीकडच्या खाटेवरच्या मुलाची आई ओरडली, "अहो, बोलली ती!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेला माझ्या हातून बेसिनमध्ये पडला. मी खाटेशी गेलो आणि गुडघ्यावर बसलो. ती माझ्याकडे बघत होती, रागाने. आनंद वगैरे काही नाही तिच्या तोंडावर, निव्वळ वैताग, की या माणसाला एक साधी गोष्ट दिसत नाही. मग मी दात पाहिला. डावा सुळा उजवीकडे होता. त्याच्या कडेचा उतार चुकीच्या बाजूला. वीस वर्षं कवळ्या घासतोय मी, आणि मला दिसला नाही.

तुमचा तो खेळ! तू मुद्दाम एक दात उलटा लावायचीस आणि ती शोधून तुला ओरडून सांगायची, आणि मी कान झाकायचो. मी विसरलो होतो. तू कशी विसरणार? चिठ्ठी का नव्हती तेही आता कळलं. चिठ्ठी असती तर मी मोठ्याने वाचून सगळा खेळ घालवला असता.

मी म्हणालो, "खरंच गं, उलटा आहे." ती उशीवर मागे टेकली, आणि हसली. आवाज न करता, नुसत्या ओठांनी.

मी तिच्या आईला फोन केला आणि मला बोलता येईना. नर्सने फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं. बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या, जबडा हातात घेऊन सगळीकडून पाहिला आणि म्हणाल्या, "हे कुणाचं डोकं? मला त्यांना भेटायचंय." मी म्हणालो, माझी बहीण. छाती फुगवून म्हणालो. मला तसा काही हक्क नाही, पण म्हणालो.

आणि हो. हे दात मधल्या रंगाचे आहेत. म्हणजे पेटी तू नेलीस. चोर!

धाकटा

१० एप्रिल

ताई,

आम्ही घरी आलो. पोर भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत चालते आणि तिथे पोचल्यावर खाली बसते, गड चढून आल्यासारखी. वाटी दोन्ही हातांनी धरते. निम्मं सांडतं, निम्मं पोटात जातं.

बोलते. दोन शब्दांमध्ये एवढा वेळ जातो की पूर्वी तेवढ्यात तिची एक गोष्ट सांगून व्हायची. शब्द एका सुरात येतात, मधूनच एखादा मोठ्याने. पण येतात. रोज दोन-चार नवे. मी पहिल्यांदा वहीत लिहून ठेवत होतो. मग एके दिवशी तिने "बाबा… वही… पुरे" असं म्हटलं आणि मी वही बंद केली.

सकाळी तिला वर्कशॉपमध्ये आणतो. कवळी बसवली की आपण गिऱ्हाइकांना साठ ते सत्तर मोजायला लावतो ना, 'स' नीट निघतो का बघायला? परवा एक आजीबाई मोजत होत्या, नवी कवळी, त्यांचा प्रत्येक आकडा शिट्टी मारत बाहेर पडत होता. स्टुलावरून आमची त्यांच्या मागोमाग: एक… सष्ट. बा… सष्ट. दोघी सारख्याच हळू. सत्तरला पोचल्यावर आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाल्या, आपण दोघी पास.

तू रोज दुपारी तिच्या आईच्या फोनवर फोन करतेस, हे मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत होतं असं म्हणणार होतो, पण मला गेल्या आठवड्यात कळलं. मी आत आलो की "गॅसवाला होता" म्हणतात. आमच्याकडे रोज गॅसवाला येतो. पोरीला मात्र खोटं बोलायचा कंटाळा. ती म्हणाली, "आ… त्या… होती."

तर मी तिच्या आईला म्हटलं, पोरीशी बोलते, तुझ्याशी बोलते, मग माझ्याशी काय वैर? मी पाच पत्रं लिहिली. सगळं कबूल केलं. ही म्हणाली, "सगळं लिहिता तुम्ही. त्यांना हवं तेवढं एक वाक्य सोडून."

मी विचारलं, कुठलं वाक्य.

"ते मी सांगितलं तर त्याचा काय उपयोग?" म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

मी पत्रं आठवून पाहिली. खरं आहे. पहिल्याच पत्रात मी तुला येऊ नकोस म्हटलंय आणि ते अजून मागे घेतलेलं नाही. पण ताई, माझ्या जिभेला कोणतं ऑपरेशन झालंय कोण जाणे, ते वाक्य तोंडाशी येतं आणि अडतं. आजही अडलं.

धाकटा

४ मे

ताई,

आज सकाळचं सांगतो.

ते रिटायर्ड बस कंडक्टर आठवतात? गेल्या वर्षी खालची कवळी केली होती. आज वरच्यासाठी आले. खुर्चीत बसवलं, लगदा कालवला, ट्रे तोंडात बसवला. म्हटलं, "आता हलायचं नाही, बोलायचं नाही. मी 'झालं' म्हणेपर्यंत." पोर तुझ्या स्टुलावर, पाय हलवत.

तीन मिनिटं थांबायचं असतं. मी ट्रे धरून उभा, आणि मनातल्या मनात तुला पत्र लिहीत होतो. ते वाक्य कसं लिहावं याचा विचार. असं लिहिलं तर रडकं वाटेल, तसं लिहिलं तर उपकार केल्यासारखं. शेवटी लिहायचंच नाही, फोन करू. फोन तू उचलणार नाहीस. पुन्हा पहिल्यापासून. किती वेळ गेला मला पत्ता नाही. कंडक्टरसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, हाताने खुर्चीचा दांडा वाजवत होते, पण शब्द पाळणारा माणूस, हलले नाहीत.

मागून आवाज आला.

"बाबा… झालं… म्हण."

मी वळलो. ती शांतपणे बघत होती. दीड महिना मी त्या पोरीच्या कानात हा शब्द ओतत होतो, आणि आता तीच मला सांगत होती, की अरे, तो माणूस तुझ्यामुळे थांबलाय.

कसाबसा म्हणालो, "झालं." ट्रे निघेना, लगदा दगड झाला होता. निघाला तेव्हा कंडक्टरसाहेबांनी पहिला श्वास घेतला आणि दुसऱ्या श्वासाला माझ्या सात पिढ्यांचं तिकीट फाडलं. पोर हसली. आवाज करून हसली, ताई! भोंगा! पूर्वीचा नाही, जरा फाटका, मध्येच अडणारा, पण भोंगा. कंडक्टरसाहेब शिव्या अर्धवट सोडून तिच्याबरोबर हसायला लागले.

ते गेल्यावर ती स्टुलावरून उतरली, टेबलाला धरत माझ्यापाशी आली. मला वाटलं पाणी हवंय. म्हणाली,

"आत्याला… पण… म्हण."

मी विचारलं, काय म्हणू?

तिने पुन्हा तीच आठी घातली, तुझी. की या माणसाला एक साधी गोष्ट दिसत नाही.

तर म्हणतो. ताई, माझं चुकलं. तू बरोबर होतीस आणि मी बरोबर असण्याचा हट्ट धरून बसलो. तुला जे बोललो ते कुणीही कुणाला बोलू नये, आणि तू तर तिची आत्या. मला माफ कर. पहिल्या पत्रातलं 'येऊ नकोस' खोडून टाक, पेन तुझ्या हाताशी असेलच. सात महिने तू माझ्यामुळे गप्प बसलीस. झालं, ताई. बोल मला हवं ते, मी उभा राहून ऐकतो. पण इथे येऊन बोल.

तुझी मेणाची सुरी खणात आहे, तू पुसून ठेवलीस तशीच. स्टूल तूर्तास दुसऱ्या कुणीतरी बळकावलंय, ते तुमचं तुम्ही बघून घ्या. गाडीची वेळ कळव. न्यायला दोघं येऊ, आम्हाला फलाट चालायला वेळ लागतो, तेव्हा लवकर निघू.

येताना मधल्या रंगाची पेटी आण.

तुझा धाकटा